कॅन्सल मॅडम

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांची एक फॅक्टरी होती. तिथे मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच सकाळी एका बाईंनी मला नोकरी सोडायची कशी ते शिकवलं.

जॉइनिंगचे कागद घेऊन मी एचआरच्या केबिनमध्ये गेलो होतो. बाहेर उन्हाने अंगाची लाही होत होती आणि आत साठीकडे झुकलेल्या एक बाई शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांच्या एसीचं बटण तुटलेलं होतं आणि तो एकाच गतीने बर्फ ओकायचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाची त्यांनी आधी त्याच्या व्हिसावरून अशी उलटतपासणी घेतली होती, की तो पाना आणतो म्हणून गेला तो परत आला नाही.

"बस. साठे ना? कुठला?"

"साताऱ्याचा."

"पासपोर्ट?"

मी दिला. त्यांनी झेरॉक्स काढली आणि पासपोर्ट परत माझ्या हातात ठेवला. "हा तुझ्याजवळ राहील. कुणी ठेवून घेतो म्हणालं, अगदी मी म्हणाले, तरी द्यायचा नाही. इथे तसा कायदा आहे. आता ऐक. तू जाशील तेव्हा काय करायचं..."

"मॅडम, मी आजच आलोय."

"म्हणून तर आज सांगते. जाताना माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं."

या सुनंदा कर्णिक. अख्खी फॅक्टरी त्यांना 'कॅन्सल मॅडम' म्हणायची. फॅक्टरीत लागलेल्या प्रत्येकाचं त्या व्हिसा मिळाल्याबद्दल अभिनंदन करायच्या आणि त्याच दमात तो कॅन्सल होईल तेव्हाच्या सूचना द्यायच्या. नेपाळी पोरं त्यांना लांबून येताना बघून वाट बदलायची. नवीन लग्न करून आलेल्या एका सुपरवायझरच्या बायकोला त्यांनी पहिल्या भेटीत, "तुझा व्हिसा याच्या व्हिसाला बांधलेला, याचा गेला की तुझाही गेला," असं सांगून रडवलं होतं. नंतर तिलाच घरी बोलावून थालीपीठ खाऊ घातलं, आणि ते खाताना पुढची माहिती दिली.

"मांडव कधी उतरवायचा ते ठाऊक असावं," त्या म्हणायच्या, "मग लग्नात पोटभर नाचावं." त्यांना स्वतःला नाचताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांचे यजमान कर्णिक सर दुबईत ऊद मेथा भागातल्या एका इंडियन शाळेत गणित शिकवायचे. ते गेल्यावर बाईंनी तिकडची जागा सोडली आणि उम्म अल कुवैनला खाडीजवळ भाड्याने फ्लॅट घेतला. मुलगी मुग्धा दुबईत एका शिपिंग ऑफिसात होती. आईने मराठीत विचारायचं आणि मुलीने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे त्या दोघींचं लहानपणापासून ठरलेलं. भांडणसुद्धा याच पद्धतीने चालायचं, आणि दोघींचा एकही शब्द वाया जायचा नाही.

बाईंचं हिंदी हे मराठीच होतं, फक्त त्याला त्यांनी 'है' लावलेलं असे. "तू उधर बस है, मैं आती है." आमचा पठाण वॉचमन त्यांच्या संगतीत इतकी वर्षं राहिला की तोही गाडीवाल्यांना "हो ना, हो ना" म्हणायला लागला होता. अरबी त्यांना जेमतेम चार शब्दांचं यायचं. 'हबीबी', म्हणजे 'माझ्या लाडक्या', हा शब्द परपुरुषाला म्हणणं त्यांना प्रशस्त वाटत नसे, म्हणून इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसालाही त्या "अहो" म्हणायच्या. तो बिचारा वर बघायचा आणि काम करून द्यायचा. 'इन्शाल्ला' मात्र त्या मनापासून म्हणायच्या, पण लगेच पुढे जोडायच्या, "आणि कागद आजच द्या."

त्यांचे बेसनाचे लाडू हा स्वतंत्र विषय आहे. जो कुणी कायमचा घरी निघेल त्याला त्या डबाभर लाडू द्यायच्या. ते इतके टणक असायचे की आमचा काच बसवणारा सर्जेराव म्हणायचा, "डायमंड कटर बिघडला तर मॅडमकडनं लाडू आणा."

या सर्जेरावाचीच गोष्ट सांगायला हवी, कारण बाई खऱ्या मला तिथे कळल्या.

सर्जेराव सांगोल्याकडचा. हात सोन्याचा आणि डोकं गरम. एकदा साइटवर फोरमनने चारचौघांत त्याला आईवरून शिवी दिली. सर्जेरावाने हातातली काच हळूच खाली ठेवली, तिथून चालत रस्त्यावर आला, आणि परत आलाच नाही. काही दिवसांनी मॅनेजरने तो कामावरून पळाल्याची तक्रार सरकारात नोंदवायला सांगितली. ती बाईंनीच टाईप केली. टाईप करण्याआधी त्यांनी त्याला सतरा वेळा फोन लावला असेल, तो बंद होता.

पुढची काही वर्षं तो दुबईच्या देरा भागात लपून राहिला. व्हिसा संपला, रोजचा दंड चढत गेला. मिळेल ते काम करायचा, पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलायचा. मधल्या काळात त्याची आई वारली. तिला अग्नी दिलेला त्याने फोनच्या पडद्यावर बघितला, असं त्याच्या खोलीतला एक माणूस आम्हाला सांगून गेला होता. त्या दिवशी बाईंनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मग सरकारने माफी जाहीर केली. मुदत संपूनही राहिलेल्यांनी पुढे यावं, दंड माफ, पुन्हा यायला बंदी नाही. नवी नोकरी असेल तर कागद सुधारून राहा, नाहीतर बिनघोर घरी जा. बातमी आली त्या आठवड्याच्या सुट्टीला दुपारी बाईंनी मला फोन केला. "साठ्या, चल देराला. मला तिथल्या गल्ल्या कळत नाहीत."

त्यांच्या गाडीतून देराला जाणं म्हणजे पायी जाण्यापेक्षा थोडंसं वेगवान. हायवेवर त्या अगदी उजवीकडच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात हळू लेनमधून अशा चालवायच्या की सिमेंटचे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात. प्रत्येक ट्रकवाल्याला त्या हात करायच्या. त्यांना वाटायचं, तो ओळखीचा आहे.

सर्जेरावाची खोली गोल्ड सूकच्या, म्हणजे सोनेबाजाराच्या मागे एका जुन्या इमारतीत होती. पलंगावर पलंग, प्रत्येकाला पडदा, मधल्या जागेत चपला आणि कांद्याचं पोतं. बाईंना बघून बसलेले सगळे उभे राहिले. "सर्जेराव बाहेर गेलाय," एकजण म्हणाला. तेवढ्यात बाथरूममधून खोकल्याचा आवाज आला.

बाई खालच्या पलंगावर ऐसपैस बसल्या. पिशवीतून लाडवांचा डबा काढून त्यांनी फिरवला. नाही कोण म्हणणार? सगळी खोली मुकाट्याने लाडवाशी झुंजायला लागली.

"सर्जेराव, मी कर्णिक."

आत नळ सुरू झाला.

"नळ बंद कर. पाणी वाया जातंय."

नळ बंद झाला. "मॅडम, तुम्ही जावा. माझी कंप्लेंट तुमीच टाकली व्हती."

"हो, मीच टाईप केली. म्हणून तर मी आले. ती आता पुसता येते. दंड नाही, जेल नाही."

"समदी म्हंत्यात, धरायचा डाव हाय."

"धरायचंच असतं तर मी बाथरूमबाहेर लाडू खात बसले असते का?"

कडी जरा हलली, पण निघाली नाही. मग आतून विचारणा झाली, "लाडू तुमी केल्यात?"

"मग कुणी?"

"मग म्या हितंच बरा हाय."

खोलीतली माणसं आधी दबून हसली, मग मोकळी हसली. बाईही हसल्या, पण हसता हसता त्यांनी शालीच्या टोकाने डोळे टिपले. कडी निघाली. सर्जेराव बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. दाढी पांढरी झाली होती. तो बाईंच्या पायाशी फरशीवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, भ्या वाटतंय."

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "भीती वाटते म्हणून थांबलास तर मुदत निघून जाईल. मग मी कितीही लाडू आणले तरी काही व्हायचं नाही."

पासपोर्ट त्याच्याचजवळ होता, बाईंनीच कधीकाळी हातात ठेवलेला, पण त्याची मुदत कधीच संपली होती. त्यामुळे आधी कॉन्सुलेटमधून घरी जाण्यापुरता कागद काढावा लागला. मग माफीच्या केंद्रावर तंबूत बसलो. बाईंच्या डावीकडे बांगलादेशी, उजवीकडे फिलिपिनो बाई, मागे एक सुदानी. तासाभरात त्या सगळ्यांची चौकशी करून झाली. "एजंट को पैसा मत दे है, ये सब इधर फुकट है," असं त्या ठणकावून सांगत होत्या. सुदानी माणसाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो मान डोलवत होता.

आमचा नंबर आला. खिडकीतला अधिकारी तरुण होता. सर्जेरावाच्या बोटांचे ठसे घेता घेता त्याने इंग्रजीत विचारलं, हा पळाला का होता? सर्जेरावाने बाईंकडे बघितलं. बाईंनी सांगितलं, "ही वॉज अँग्री."

"अजून राग आहे?"

बाईंनी मराठीत विचारलं. सर्जेराव म्हणाला, "न्हाय साहेब. दमलो आता."

"ही इज टायर्ड."

अधिकाऱ्याने त्याच्याकडे नीट बघितलं. "खलास," तो म्हणाला. "गो होम." आणि शिक्का मारला.

सर्जेराव गेला. बाई आठवडाभर ऑफिसात लग्न पार पाडलेल्या यजमानीणबाईंसारख्या वावरत होत्या.

महिन्याभराने त्याचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला, म्हणजे मलाही त्यांचं कौतुक ऐकू यावं. पण सर्जेराव काही वेगळंच बोलत होता. घरात दिव्याची बटणं कुठे आहेत ते त्याला ठाऊक नव्हतं. दूधवाला आला की बायको त्याला न विचारता हिशेब मिटवायची. पोरगा बापाला 'अहो' म्हणायचा. गावात कुणाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत, त्याला एकट्याला विचारावं लागायचं.

"मॅडम," तो म्हणाला, "जायाचं समदं शिकवलंत. घरात शिरायचं कसं, त्ये न्हाई सांगितलं."

बाईंनी स्पीकर बंद केला. मग म्हणाल्या, "होईल सवय," आणि फोन ठेवला. नंतर त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली आणि त्या दिवशी नव्याने लागलेल्या वेल्डरला काहीही न शिकवता परत पाठवलं. तो बाहेर येऊन आनंदाने सगळ्यांना सांगत सुटला.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, थकला होता. मुलांना दारं-खिडक्यांत रस नव्हता. शेवटी फॅक्टरी बंद करायचं ठरलं आणि सगळ्यांचे व्हिसे कॅन्सल होणार हे नक्की झालं. कॅन्सल मॅडमचा हा खरा मोसम. मॅनेजरने मेसच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. त्याच्या पुढ्यात कागदांची चळत होती. सगळा हिशेब मिळाला, काही मागणं नाही, असं त्यावर लिहिलेलं. सह्या करा, पैसे नंतर खात्यात येतील, असं तो म्हणाला. पोरं पेन शोधायला लागली.

बाई मागच्या बाकावरून उठल्या. "कोणी सही नहीं करेगा है. पहले पैसा खाते में, फिर सही."

पेन शोधणारी पोरं थांबली. बाई पुढे आल्या आणि त्यांनी सुरू केलं ते थांबल्याच नाहीत. कॅन्सलचा कागद वाचल्याशिवाय सही नको, भाषा कळत नसेल तर वाचून घ्या. किती वर्षं नोकरी झाली त्याची ग्रॅच्युइटी धरलेली आहे ना बघा. बँकेचं कर्ज, कार्ड मिटवा, नुसतं मिटवू नका, मिटल्याचं पत्र घ्या, नाहीतर विमानतळावर अडवतील आणि तिकीट वाया जाईल. फोनची लाइन बंद करा. मुलं इथल्या शाळेत असतील तर दाखला आधी, सामान नंतर. कॅन्सल झाल्यावर मिळणाऱ्या मुदतीत नवी नोकरी मिळाली तर आनंद आहे, पण तिचा परवाना हातात येईपर्यंत तिथे एक स्क्रूसुद्धा पिळायचा नाही. कुणी पैसे दिले नाहीत तर लेबरच्या ऑफिसात तक्रार करता येते, तुमच्या भाषेत बोलणारं माणूस मिळतं. पळून मात्र जाऊ नका. पळालेला माणूस खरा असला तरी खोटा ठरतो.

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. "मॅडम, तुम्ही कंपनीच्या की यांच्या?"

"कंपनीच्या," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं या कंपनीने कुणाचं बुडवलं नाही. शेवटच्या महिन्यात कशाला सुरुवात करायची?"

कोपऱ्यात खुर्चीवर म्हातारा अर्बाब जपमाळ ओढत बसला होता. त्याला डुलकी लागलीय असंच सगळ्यांना वाटत होतं. तो डोळे न उघडता हिंदीत म्हणाला, "मॅडम सच बोलती. पहले पैसा." मॅनेजरने कागदांची चळत उचलली. पैसे खात्यात आल्यावरच ती परत बाहेर आली.

एकेक माणूस गेला. मला दुबईत दुसरी नोकरी लागली, परवाना हातात येईपर्यंत बाईंनी मला घराबाहेर पडू दिलं नाही म्हणायला हरकत नाही. सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःचा व्हिसा कॅन्सल केला आणि मग त्या गप्पच झाल्या.

काही आठवड्यांनी मुग्धाचा मला फोन. "साठे अंकल, कॅन यू टॉक टू हर? शी हॅजन्ट डन अ थिंग."

मला खोटं वाटलं. गेलो तर घरात एक खोका भरलेला नव्हता. बँकेचं खातं चालू, फोनची लाइन चालू, मुदतीचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "असेल अजून." ज्यांनी आम्हाला तारखा घोकायला लावल्या त्या बाईंचं हे उत्तर.

मुग्धा वैतागून उभी होती. "आई, आय कॅन स्पॉन्सर यू. इट्स सिंपल."

"तुझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून राहू? तुझे लंगोट मी धुतलेत."

"देन गो टू बदलापूर. यू हॅव अ फ्लॅट."

"त्या फ्लॅटमध्ये मी एकूण आठ दिवस राहिले असेन," बाई म्हणाल्या. "शेजारी कोण आहे ते मला माहीत नाही. तुझे बाबा इथे गेले, इथेच त्यांचं सगळं केलं. तिथे जाऊन मी कुणाला काय सांगायचं, मी कुठून आले?"

मुग्धा खाली बसली. मग तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मराठीत उत्तर दिलं. "मला पण माहीत नाही गं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. नंतर माझ्याकडे वळल्या. "साठ्या, मी शेकडो लोकांना पाठवलं असेल. पुढे काय होतं ते कुणाला विचारलं नाही रे. मला वाटायचं, विमान उडालं की संपलं."

"सर्जेरावाला विचारू या," मी म्हणालो.

फोन लावला. सर्जेरावाने सगळं ऐकून घेतलं. आता त्याने तालुक्याला काचेचं दुकान टाकलं होतं, मागे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. "मॅडम, पयले सहा म्हैने लई वाईट जात्यात," तो म्हणाला. "कुणी इचारलं न्हाई तरी आपणहून जाऊन बसायचं लोकांत. रुसायचं न्हाई. आन् बटणांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या."

"चिठ्ठ्या?"

"पंखा, दिवा, बाहेरचा दिवा. म्या चिकटवल्या. बायकू हसती, पर ऱ्हाऊ देती."

बाई हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी खोके आणायला निघाल्या. मुग्धाचा व्हिसा त्यांनी कायमचा नाकारला नाही. "आधी जाऊन तर येते," म्हणाल्या. "जमलं नाही तर तुझी डिपेंडंट होईन, पण स्वयंपाकघर माझं." त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांना वाटलं होतं की त्या महिन्याभरात परत येतील. आता दुसरं वर्ष चाललंय. बदलापुरात त्यांच्या सोसायटीतली निम्मी मुलं गल्फला जायच्या तयारीत आहेत आणि बाई त्यांचे कागद बघतात, असं मुग्धा सांगते. तिथल्या पोरांनीही वाट बदलायला सुरुवात केली असणार.

मला मात्र त्या दिसतात त्या शारजा विमानतळावरच्या. मुग्धा आणि मी सोडायला गेलो होतो. प्रवासाला सोयीचे म्हणून मुग्धाने त्यांना नवे स्पोर्ट्स शूज घेतले होते, साडीखाली पांढरेशुभ्र. आत शिरताच तपासणीचं यंत्र वाजलं आणि शूज काढायला सांगितलं. काचेबाहेरून आम्ही बघत होतो. बाई खुर्चीवर बसल्या, वाकल्या, पण लेस काही सुटेना. मागे रांग वाढत होती. मुग्धाने काचेवर हात ठेवला, पण आत जायची परवानगी नव्हती.

तेव्हा तपासणीवरची अबाया घातलेली तरुण अधिकारी पुढे आली. तिने हातातलं यंत्र बाजूला ठेवलं आणि सरळ गुडघ्यांवर खाली बसली. एकेक गाठ तिने नखाने सैल केली, बाईंची टाच हातात धरून शूज काढला, मग दुसरा. तोल सांभाळायला बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. शूज काढून झाले तरी तो हात तिथेच राहिला. बाई वाकून तिला काहीतरी म्हणाल्या, मुलीने वर बघून उत्तर दिलं, आणि दोघी मिनिटभर तशाच बोलत राहिल्या. रांग थांबलेली होती.

काय बोलल्या ते आम्हाला बाहेर ऐकू आलं नाही.